माझ्या टाळूचे फोटो

ज्या वर्षी माझा थोरला भाऊ संसार सोडून निघून गेला आणि अकराव्या दिवशी उपाशीपोटी परत आला, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. तो परत आल्याचा निरोप शिपाई रज्जाकभाईंनी आणला, तेव्हा मी कॉलेजातल्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, जीभ बाहेर काढून. देवस्थळे सर तिच्यावर ब्रशनं कोळशाची पूड लावत होते.

"कौतिकबाई, तुमचा भाऊ आला," रज्जाकभाई दारातूनच म्हणाले. "अंघोळ केली, सहा भाकरी खाल्ल्या, झोपला."

मला हसू आलं आणि जीभ हलली.

"हलू नका," सर म्हणाले. "रज्जाकभाई, हे आत्ताच सांगायचं होतं?"

"साहेब, साधू होऊन गेलेला माणूस. थांबून सांगितलं असतं तर तोवर परत गेला असता."

सर हसले नाहीत. त्या दिवसांत ते कशालाच हसत नसत. पूड गोड्या तेलात कालवलेली असायची, तिचा लेप जिभेच्या टोकापासून मागपर्यंत सारखा लागला की ते ब्रश ठेवत आणि म्हणत, "आता एकदाच. सरळ. घरी म्हणता तसं."

"चांदी," मी म्हणाले.

"तोंड उघडा. जीभ खाली. गिळू नका."

रज्जाकभाई दिवा धरायचे. सर दाताच्या डॉक्टरचा असतो तसला छोटा आरसा ज्योतीवर जरा ऊन करून माझ्या तोंडात घालायचे, म्हणजे श्वासानं तो धुरकटत नसे. आरशात वरची टाळू दिसायची. जीभ जिथं टेकली असेल तिथं कोळशाचा काळा डाग. त्याचा फोटो काढायचा, चूळ भरायची आणि पुढचा शब्द. असे बत्तीस शब्द होते.

"काळी जीभ झाली तुमची," रज्जाकभाई म्हणायचे. "आता कुणाला काही वाईट बोलू नका बाई, खरं होईल. आमच्या प्रिन्सिपॉलला मात्र थोडं बोला."

जालन्याला मास्तरांना तयार करणारं ते कॉलेज होतं. मी तिथं रोजंदारीवर झाडलोट करायची. देवस्थळे सर इंग्रजीचे. इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांसाठी ते एक पुस्तक लिहीत होते, 'इंग्रजी ध्वनींचा परिचय'. इंग्रजी बोलताना तोंडात काय काय होतं, जीभ कुठं जाते, ओठ कसे होतात, वारा कुठून निघतो, एवढंच त्यात होतं. व्याकरण नाही, गोष्टी नाहीत. मला आधी वाटलं, ह्याला काय पुस्तक लागतं? बोलतो तो बोलतो.

सरांना त्यासाठी असं एक तोंड पाहिजे होतं ज्यात इंग्रजी कधी शिरलेलं नाही. कॉलेजात शिकायला आलेल्या मास्तरांची तोंडं बाटलेली होती. रज्जाकभाईंचे पुढचे दात गेलेले. राहिले मी. माझे बत्तीस दात शाबूत होते आणि सरांनी आरसा घालून पाहिलं तर टाळूही चांगली रुंद निघाली.

"एक अट आहे," सर म्हणाले होते. "तंबाखू, पान, मिसरी, काही नाही. तीन आठवडे. तोंड कोरं पाहिजे."

"नाही लावणार," मी म्हणाले.

"शपथ?"

"माझ्या डोळ्यांची."

डोळ्यांची शपथ मी उगाच घेतली नव्हती. वर्षभरापूर्वी त्याच डोळ्यांना अक्षर दिसायला लागलं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी. त्याचं कारणही सरच. त्यांच्या खोलीत भिंतीवर कापलेल्या डोक्याचं एक चित्र होतं, अर्धं नाक, अर्धी जीभ, घशाची नळी. मी एकदा झाडताना विचारलं, हे कुणाचं मुंडकं. त्यांनी मला तिथंच उभं करून म्हणायला लावलं, क, च, ट, त, प. "कुठून निघालात आणि कुठं आलात?" मी पुन्हा म्हणून पाहिलं. घशापासून निघाले होते आणि ओठांवर आले होते. "बघा," ते म्हणाले, "आपल्या जुन्या लोकांनी अक्षरं तोंडात जशी बसतात तशी ओळीनं मांडलीत. इंग्रजांची अक्षरं म्हणजे पोतं फाटून सांडलेल्या शेंगा." त्यानंतर रोज चार वाजता, कॉलेज सुटल्यावर, अर्धा तास ते मला शिकवायचे. हाताच्या आधी मी तोंडानं अक्षर शिकले. प लिहिताना आजही माझे ओठ मिटतात.

त्यामुळं त्यांच्यासाठी मिसरी सोडणं मला फार वाटलं नाही. थोरली पोटात होती तेव्हापासून मी मिसरी लावत होते, पंचवीस वर्षं. पहिले पाच दिवस कसेबसे काढले. डोकं जड, पोट साफ होईना, लेकीवर उगाच खेकसायची. झाडू घेतला की एकच वर्ग तीनदा झाडायची आणि एक तसाच राहायचा. सहाव्या दिवशी भाऊ गेला. चिठ्ठी नाही, काही नाही. वहिनी माझ्या दारात येऊन बसली. लोकांनी विहिरी पाहिल्या, कुंडलिकेच्या पात्रात माणसं हिंडून आली. मी कॉलेजात येत होते, जीभ काढून बसत होते, आणि दोन फोटोंच्या मधे सर वहीत लिहीत असले की माझे पाय आपोआप मागच्या हौदाकडं जायचे. डबी मी तिथंच विटेखाली ठेवली होती. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोट भरून घ्यायची, वरच्या दातांना बाहेरून, मग आतून, हिरडीवर. दोन मिनिटं. मग घाईनं एक चूळ आणि परत खुर्चीवर. जग जाग्यावर यायचं.

भाऊ परत आल्यावरही ते सुटलं नाही.

'चांदी'चा फोटो धुवून झाला त्या दिवशी सर धावत आले. चालत नाही, धावत. व्हरांड्यात मी पाणी मारत होते.

"कौतिकबाई, सापडलं."

"काय सापडलं?"

त्यांनी मला खोलीत नेलं. टेबलावर तीन फोटो ठेवले. टाळूचे फोटो म्हणजे उपड्या द्रोणासारखे दिसतात, कडेला दात. "हा 'ताट'चा. डाग कुठं आहे? दातांना. हा 'टाळ'चा. डाग पार मागं, कारण जीभ मागं वळते. आता इंग्रज माणूस टेबल म्हणतो तेव्हा त्याची जीभ ना इथं टेकते, ना तिथं. ती ह्या मधल्या जागी टेकते, दातांच्या मागं हिरडीचा उंचवटा आहे ना, तिथं. आपल्या पोरांना ती जागाच माहीत नाही, म्हणून आपल्याला हसतात. मला हसले होते. मुंबईत मुलाखतीला गेलो होतो, चार माणसं बसली होती, मी दोन वाक्यं बोललो आणि त्यातल्या एकानं रुमाल तोंडाला लावला."  मग त्यांनी तिसरा फोटो पुढं सरकवला. "हा तुमचा 'चांदी'चा च."

डाग बरोबर त्या उंचवट्यावर होता. चांगला गडद.

"जागा माहीत आहे," सर म्हणाले. "प्रत्येक खेड्यातल्या पोराला माहीत आहे. मास्तरानं फक्त म्हणायचं, बाळा, चांदी म्हणायला जीभ लाव आणि तिथंच सोड. झाला इंग्रजी आवाज. चाळीस वर्षं झाली इंग्रजी शिकवायला लागून आपल्या खेड्यांत, हे कुणी सांगितलेलं नाही."

 मला एवढं कळलं की माझ्या तोंडात काहीतरी मोलाचं निघालं आहे. मी घरी जाऊन लेकीला सांगितलं, माझी टाळू पुस्तकात छापणार आहेत. ती म्हणाली, "आणि तोंड?" मी म्हणाले, "तोंड नाही, फक्त टाळू."

पुस्तक हातानं लिहून, फोटो चिकटवून तयार झालं. ते बघायला पुण्याहून, सरकारी पुस्तकं छापणाऱ्या कचेरीतल्या मेहेंदळे बाई शनिवारी येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर पुस्तक सरकारकडून छापून राज्यातल्या सगळ्या ट्रेनिंग कॉलेजांत जाणार होतं. सरांना रिटायर व्हायला सात महिने उरले होते.

गुरुवारी सकाळी मी त्यांची खोली झाडली. कचऱ्याच्या टोपलीत एक फोटो होता, चुरगळलेला. वर्षभरापूर्वी मी तो बाकीच्या कागदांबरोबर जाळला असता. पण अक्षर यायला लागल्यापासून मला काही वाचल्याशिवाय टाकवत नव्हतं. शेंगदाण्याची पुडीसुद्धा मी उलगडून वाचायची. मी फोटो मांडीवर ठेवून सरळ केला. खाली सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाप'. आणि तारीख. चांदीच्या फोटोवर होती तीच.

मी तिथंच बसून तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. बाप. पुन्हा म्हणाले. ओठ मिटतात, उघडतात, मिटतात. जीभ खाली पडून राहते. टाळूला ती लागतच नाही. सरांनी तो शब्द त्यासाठीच घेतला होता, टाळू कोरी कशी दिसते हे दाखवायला. पण ह्या फोटोत दातांच्या मागं, हिरडीच्या उंचवट्यावर, डाग होता. गडद, आणि त्याच जागी.

तो कोळसा नव्हता. तो माझ्या बोटानं लावलेला होता.

त्या दिवशी मला एका जागी बसवलं नाही. पाण्याचे माठ भरलेले होते ते मी ओतून पुन्हा भरले. हौदापाशी चारदा गेले. विटेकडं बघायची आणि परत यायची. शेवटी डबी काढली, हौदाच्या मोरीत रिकामी केली, आणि लगेच वाटलं, हे काय केलं. दुपारी रज्जाकभाई घंटेखाली डबा खात होते, त्यांना मी सगळं सांगितलं.

त्यांनी घास गिळला. "सायबांना माहीत आहे?"

"कसं असेल? खराब फोटो म्हणून टाकला असेल त्यांनी. पुस्तकात बापचा दुसरा आहे, पहिल्या दिवसाचा. तो कोरा आहे."

"मग झालं. गप बसा."

"खोटं छापलं जाईल."

"बाई, छापलेलं काय काय खोटं असतं, तुम्हाला आत्ता वाचायला यायला लागलं म्हणून नवल वाटतंय. तुम्हाला लॅबमधे कायम करायचा अर्ज सायबांनी केलाय. पुस्तक पास झालं तर साहेब मोठे, साहेब मोठे तर अर्ज मोठा. आणि तो माणूस बघा, दहा वर्षांत पहिल्यांदा कडक इस्त्री करून येतोय."

"पोरं चुकीच्या जागी जीभ लावतील."

"आत्ता कुठं बरोबर लावतात?"

मी उठून झाडू घेतला. पण शुक्रवारी चार वाजता मी नेहमीसारखी पाटी घेऊन सरांच्या खोलीत गेले. ते पुस्तक उघडून बसले होते, पानं मागं-पुढं करत. मी पाटी खाली ठेवली आणि फोटो टेबलावर ठेवला.

त्यांनी फोटोकडं पाहिलं. माझ्याकडं नाही.

"सर, मी मिसरी लावत होते. भाऊ गेला त्या दिवसापासून. हौदामागं. हा डाग मिसरीचा आहे. चांदीचा पण तोच असेल. मी शपथ मोडली. तुम्ही मला काढून टाका, पण ते पान काढा."

पंखा फिरत होता. सरांनी चुरगळलेला फोटो हातात घेतला आणि अंगठ्यानं घड्या दाबत राहिले.

"कौतिकबाई, माझी आई मिसरी लावायची," ते म्हणाले. "मी तिच्या मांडीवर त्या वासात वाढलो. तुम्ही तोंड उघडलंत की मी चार बोटांवर असायचो, आरसा घेऊन."

मला क्षणभर कळलं नाही.

"म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्याच दिवशी आला वास. भाऊ हरवलाय, आज राहू दे, असं म्हणालो. मनात. मग फोटो धुतले आणि चांदीचा असा आला." ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. "बापचा त्याच पाण्यातून निघाला. दोन्ही एकाच दोरीवर वाळत होते. मी एक काढला, दुसरा खणात दडवला आणि परवा चुरगळला. तुम्ही नव्हे, मी."

"पण तुम्ही तर धावत आला होता."

"हो. मी धावतही आलो."

मी खाली बसले. मला राग आला होता आणि तो कुणावर करावा कळत नव्हतं. दोन दिवस मी एकटीच चोर होते, आता आम्ही दोघं झालो होतो, आणि तरी हलकं वाटत नव्हतं.

"मला का नाही बोललात?" मी विचारलं. "एवढं म्हणायचं, बाई, मिसरी टाका. मी टाकली असती."

"तुम्ही टाकली असती आणि डाग गेला असता तर?"

मी उठून उभी राहिले. मग म्हणाले, "कालपासून लावलेली नाही. तोंड कोरं आहे. पूड आहे का शिल्लक?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवसातलं पहिलं पाहणं ते. मग कपाट उघडलं. रज्जाकभाईंना हाक मारली. ते आले, माझ्याकडं एक नजर टाकली, कपाळाला हात लावला आणि दिवा उचलला.

आधी बाप. मग चूळ, लिंबाच्या पाण्यानं, तीनदा. मग चांदी. सरांनी आरसा तोंडात घातला आणि तसाच धरून ठेवला. माझा जबडा दुखायला लागला. लाळ गळ्यात उतरत होती. रज्जाकभाई म्हणाले, "साहेब, बाई मरेल." तेव्हा त्यांनी आरसा काढला.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"डाग आहे. पण दातांवरही आहे. थोडा उंचवट्यावर, थोडा दातांवर." त्यांनी आरसा फडक्यानं पुसला, मग पुन्हा पुसला. "अर्धा."

"अर्धा म्हणजे खरं का खोटं?"

"एका तोंडावरून सांगता येत नाही. पन्नास तोंडं लागतील. दोन वर्षं लागतील."

त्यांच्याकडं सात महिने होते. खोलीतल्या तिघांनाही ते माहीत होतं. ब्लेड घेऊन त्यांनी पुस्तकातली चार पानं मुळापासून कापली, अगदी सरळ, आणि मला म्हणाले, "आज धडा राहू द्या."

शनिवारी मेहेंदळे बाई आल्या. साठीच्या, जाड भिंगाच्या, वाचताना ओठ हलवणाऱ्या. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा त्या पानांवर बोट ठेवून म्हणत होत्या, "एकोणीसनंतर एकदम चोवीस?"

"ती पानं मी काढली," सर म्हणाले. "त्यातला पुरावा खराब निघाला. नजरचूक नव्हती, माझ्या लक्षात आलं होतं. तरी चिकटवला होता."

बाईंनी चष्मा काढला. "असं कुणी सांगत नाही हो, देवस्थळे."

"मलाही सांगायचं नव्हतं."

"त्या पानांत काय होतं?"

सरांनी सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं, चांदी, चांदी. "कल्पना चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण ती पानं नसतील तर बाकीचं आमच्याकडं आधीच छापलेलं आहे. बरंचसं."

"माहीत आहे."

"तोंड कुणाचं होतं?"

"ह्यांचं," सर म्हणाले, आणि मला नावानं बोलावून त्यांच्यापुढं उभं केलं. मी ट्रे घेऊन उभी. बाईंनी मला नमस्कार केला. कुणा शिकलेल्या बाईनं मला आधी नमस्कार केल्याची ती पहिली वेळ, आणि माझे हात मोकळे नव्हते.

पंधरा दिवसांनी पुण्याचं पत्र आलं, सध्या पुस्तक छापता येणार नाही. सरांनी स्टेन्सिल कापून साठ प्रती कॉलेजातच काढल्या. चांदीची पानं त्यात नव्हती. त्या जागी एक ओळ होती, ती मी स्वतः वाचली: 'मराठीतल्या च ह्या ध्वनीचा इथे काही उपयोग होईल काय, हे पुष्कळ लोकांची तोंडे तपासून कुणीतरी पाहावे.' माझा अर्ज त्या वर्षी नामंजूर झाला. चार वर्षांनी दुसऱ्या प्रिन्सिपॉलच्या काळात मी कायम झाले. मिसरी मी मेहेंदळे बाई येऊन गेल्यानंतरच्या सोमवारीच पुन्हा सुरू केली. ते लपवण्यात अर्थ नाही.

सर सप्टेंबरात रिटायर झाले. तोवर रोज चार वाजता धडा चालू राहिला. आम्ही जोडाक्षरं संपवली. त्या शुक्रवारबद्दल दोघंही पुन्हा बोललो नाही, पण एक बदल झाला. त्यांनी काही सांगितलं की मी विचारायची, "हे पाहिलंय का, ऐकलंय?" पूर्वी मी असं विचारत नसे. ते कधी म्हणायचे पाहिलंय, कधी म्हणायचे ऐकलंय. एकदा म्हणाले, "नुसतं वाटतंय," आणि फळ्यावर लिहिलेलं पुसून टाकलं.

ते मुलाकडं पुण्याला गेले. दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, मोठ्या सुट्या अक्षरांत, मला वाचता यावं म्हणून. मी उत्तर पाठवायची. माझ्या चुका ते पुढच्या दिवाळीला कळवायचे.

शेवटचं कार्ड मुलाच्या अक्षरात होतं. रज्जाकभाई ते मोठ्यानं वाचायला लागले. मी त्यांच्या हातातून घेतलं आणि व्हरांड्याच्या टोकाला उजेडात जाऊन स्वतः वाचलं. चार ओळी होत्या. मुकुंद विनायक देवस्थळे सात मार्च एकोणीसशे शहाऐंशी रोजी, शुक्रवारी सकाळी, पुण्यात राहत्या घरी वारले.